पायातली नाडी

मी पोस्टमन होतो. सकाळी लोणंदच्या पोस्टातून टपालाची पिशवी खांद्याला लावायची, पूर्वेकडच्या सहा-सात गावांत पायी फिरायचं आणि दिवस मावळायच्या आत परत यायचं, हे माझं काम. सायकल मिळेल असं पोस्टमास्तर दरवर्षी सांगत, पण सायकल काही आली नाही. मला त्याचं फारसं वाईट वाटत नसे. सातवीची व्हर्नाक्युलर फायनल झाल्यावर मुंबईला गिरणीत जाण्यापेक्षा हे बरं म्हणून मी ही नोकरी धरली होती, आणि चालणं मला मनापासून आवडत होतं. माळावरनं झपाझप निघालो की मागून येणारी बैलगाडीसुद्धा मला गाठत नसे.

पंचविशी उलटेपर्यंत मी विडीला हात लावला नव्हता. आमच्या घरात कुणीच ओढत नसे. आई आणि बायको दोघी मिसरी लावत, पण तंबाखू भाजून दाताला लावायची ती मिसरी, तिला त्या काळी व्यसन कोण म्हणत होतं?

जर्मनीची लढाई सुरू झाली तशी माझी पिशवी जड झाली. माझ्या हद्दीतल्या प्रत्येक गावातली पाच-पन्नास पोरं पलटणीत होती. त्यांची पत्रं, त्यांच्या मनिऑर्डरी मीच पोचवायचो. बायका वेशीपर्यंत येऊन थांबत, पत्र माझ्याकडूनच वाचून घेत, उत्तरही माझ्याकडूनच लिहून घेत. कुणाच्या पोराला कुठल्या वाळवंटात ताप आला, कुणाच्या बढतीचं काय झालं, हे मला घरच्यांच्या आधी कळे. सुट्टीवर आलेले शिपाई मला भावासारखे वागवायचे.

मग तारा यायला लागल्या.

पहिली तार मला अजून आठवते. इंग्रजीत होती. पोस्टमास्तरांनी वाचून तिचा अर्थ मला सांगितला आणि म्हणाले, "सावकाश जा. घाई करू नकोस." वस्तीवर गेलो तेव्हा त्या पोराची आई अंगणात ज्वारी वाळत घालत होती. मला बघून तिचं तोंड फुललं. "सुट्टीवर येतोय व्हय?" म्हणून तिनं विचारलं. मी तार हातात धरून नुसता उभा राहिलो. त्यावरूनच तिला समजलं. ती आत गेली आणि तांब्या घेऊन बाहेर आली. "उन्हाचं आलायसा, आदी पानी घ्या," म्हणाली. मी पाणी प्यालो, आणि मगच ती खाली बसली.

पोस्टात परत आलो तर माझे हात थांबेनात. शिक्का मारायला घेतला तो कागदाच्या बाहेर पडायला लागला. पोस्टमास्तर वयस्क, निवृत्तीला आलेले, आणि मायाळू होते. त्यांनी स्वतःच्या विड्यांच्या कट्ट्यातली एक काढून पेटवली आणि माझ्या हातात दिली. "ओढ. हात थांबतील." मी ओढली, ठसकलो, डोळ्यांत पाणी आलं. पण हात खरंच थांबले. त्यांनी जे केलं ते चांगल्याच मनानं केलं. आजही मी त्यांना बोल लावत नाही.

पुढच्या तारेला मी परतायची वाट बघितली नाही. वस्तीच्या अलीकडे एका चिंचेखाली बसून आधी विडी ओढली आणि मग आत गेलो. त्यानंतर तार नसली तरी गावात शिरायच्या आधी एक लागायला लागली, मग गावातून बाहेर पडताना एक. सुट्टीवरचे शिपाई सिगारेटचे चपटे डबे द्यायचे, "घ्या पोस्टमन, सरकारी हाईत" म्हणायचे. लढाई संपली तेव्हा मी दिवसाला दोन कट्टे, म्हणजे चाळीस-पन्नास विड्या, संपवत होतो. तारा बंद झाल्या. विडी मात्र चालूच राहिली.

विडीनं मला सुखही दिलं. चावडीवर चार माणसांत बसून विडीला विडी लावून ओढताना जो जिव्हाळा वाटायचा तो खोटा नव्हता. एखाद्या परक्या गावात ओळख नसली तरी "विडी हाय का गड्या?" एवढ्या बोलण्यावर ओळख व्हायची. खोकला यायचा सकाळी, पण तो सगळ्यांनाच यायचा.

देश स्वतंत्र झाला त्याच्या आदल्या हिवाळ्यात माझ्या डाव्या पोटरीत गोळा यायला लागला. माळावरनं दोन मैल चाललो की पोटरी आतून कुणीतरी पिळतंय असं वाटे. मी थांबायचो, बांधावर बसायचो, विडी पेटवायचो. विडी संपेपर्यंत दुखणं गेलेलं असायचं. मला वाटायचं, विडीनंच बरं वाटलं. बसल्यामुळं पोटरीला आराम मिळत होता आणि विडी उलट तिचंच रक्त तोडत होती, हे मला पुढे डॉक्टरांनी सांगितलं. वर्षभरात दोन मैलांचा एक मैल झाला. मग पाव मैल. लोक म्हणायचे, पोस्टमन आळशी झाला, दर बांधाला विडी ओढत बसतोय.

त्याच सुमारास चपलेनं अंगठा घासला. एवढीशी जखम, पण ती भरेना. बायकोनं हळद लावली, तेल लावलं, कडुनिंबाच्या पाण्यानं धुतलं. एका जाणत्या माणसानं रग निघून जाईल म्हणून पोटरीला तापलेल्या सळईचा डाग दिला. तोही भरला नाही, आता एकाच्या दोन जखमा झाल्या. एक दिवस बायको माझा पाय धूत होती आणि मध्येच थांबली.

"आवं, ह्यो अंगठा काळा पडलाय," ती म्हणाली.

"धूळ आसंल."

"तीनदा धुतला मी." तिनं अंगठ्यावर बोट दाबलं. "लागतंय का?"

लागत नव्हतं. पाय सबंध ठणकत होता, आणि अंगठा मात्र माझा नसल्यासारखा होता.

नव्या पोस्टमास्तरांनी रजा मंजूर केली आणि मिरजेच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी दिली. दोन्ही मुलींना आईजवळ ठेवून मी आणि बायको लोणंदहून गाडीत बसलो. सबंध वाटेत मी पाय खाली सोडून बसलो होतो. वर घेतला की पांढरा पडायचा आणि ठणका वाढायचा.

दवाखान्यातले डॉक्टर चाळिशीचे असतील. शांत बोलायचे. त्यांनी आधी माझ्या जखमेकडे बघितलंच नाही. माझं मनगट धरलं, माझंच दुसऱ्या हाताचं बोट त्यावर ठेवलं आणि विचारलं, "नाडी लागते?"

"लागतीय, साहेब."

मग त्यांनी तेच बोट माझ्या पावलाच्या वरच्या बाजूला ठेवलं. "आता इथं बघा. इथंही नाडी असते. लागते?"

मी खूप वेळ बोट धरून बसलो. काही लागेना. त्यांनी माझ्या बायकोला जवळ बोलावलं आणि तिला तिच्याच पावलावरची नाडी शोधायला लावलं. तिला ती लगेच सापडली. ती घाबरून माझ्याकडे बघायला लागली.

"दिवसाला किती विड्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"धा-बारा," मी म्हणालो.

त्यांनी माझी पिवळी पडलेली बोटं बघितली. बायकोच बोलली, पदर तोंडाशी धरून. "साहेब, दोन कट्टे. कवा कवा जास्तीबी."

डॉक्टर म्हणाले, "पायाकडं जाणाऱ्या नसा आकसून बंद होत चालल्यात. हा रोग विडी ओढणाऱ्या तरुण माणसांनाच गाठतो. अंगठा वाचणार नाही, तो काढावा लागेल. पण पाय अजून आहे. विडी आजपासून बंद केली तर पाय राहील. एकदोन ओढून चालणार नाही, कमी करून चालणार नाही. बंदच."

मी हो म्हणालो. त्या वेळी मी त्यांना काहीही कबूल केलं असतं.

अंगठा काढला. पाठीत सुई टोचली होती, त्यामुळं दुखलं नाही, आवाज मात्र ऐकू आला. बायको दवाखान्याच्या आवारात इतर रुग्णांच्या बायकांबरोबर तीन दगडांची चूल मांडून राहिली होती. दोन वेळा भाकरी घेऊन आत यायची.

माझ्या शेजारच्या खाटेवर माणदेशातला एक मेंढपाळ होता. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली काढला होता. रोग माझाच. पाच-पाचशे मैल मेंढरांमागं चाललेला माणूस तो, कोकणाच्या तोंडापर्यंत जाऊन आलेला. त्याला माणसांपेक्षा मेंढरांचं जास्त आठवायचं. कोणती मेंढी कुठल्या ओढ्यात व्याली ते सांगत बसायचा. आणि जेवणं झाली की दोन काठ्यांवर लटकत बाहेरच्या झाडाखाली जायचा, रुग्णांच्या नातेवाइकांकडून विडी मागून ओढायचा.

मला त्याचा राग यायचा. तिसऱ्या दिवशी मी त्याला तोंडावर विचारलं, "पाय गेला तरी अक्कल आली न्हाई व्हय तुमाला?"

तो रागावला नाही. म्हणाला, "गड्या, तू शिकल्याला हायस, तूच सांग. पाय कापताना मी हूं का चूं केलं न्हाई. पर सकाळी उठल्यावर ती मिळाली न्हाई तर मला रडाय येतंय. लहान पोरागत. ह्ये कसं?"

मलाही सकाळी रडायला येत होतं. छातीत पोकळ वाटायचं, हातांना काय करावं कळायचं नाही, बायकोनं वाटी जोरात ठेवली तरी अंगावर काटा यायचा. भाकरीला चव नव्हती. आठ दिवस मी कसेबसे काढले. नवव्या दिवशी मीही काठी घेऊन झाडाखाली गेलो. मेंढपाळानं मला बघितलं. तो हसला नाही, चिडवलं नाही. आपल्या हातातली अर्धी विडी पुढं केली, आणि म्हणाला, "बस."

त्या विडीचा पहिला झुरका घेतला तेव्हा मला जे सुख झालं, तेवढं पुढं थोड्याच गोष्टींचं झालं. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

घरी परत आलो ते चोर होऊनच. बायकोसमोर ओढायची नाही, परसात कडब्याच्या गंजीमागं जायचं. तोंड धुवायचं, शेंगदाणे खायचे. तिला कळत नाही असं मी धरून चाललो होतो. एक दिवस तिनं माझं घोंगडं उन्हात टाकलं आणि त्याला पडलेलं जळकं भोक बोटानं दाखवलं. मीच ओरडलो. तिच्यावर ओरडलो, आईवर ओरडलो, थोरल्या मुलीनं पाणी सांडलं म्हणून तिच्यावरही ओरडलो. दोन महिन्यांत अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलं.

परत मिरज. मी डॉक्टरांसमोर मान वर केली नाही. वाटलं, आता हा माणूस आपल्याला हाकलून देणार. त्यांनी बोट बघितलं, हात धुतले आणि स्टूल ओढून माझ्याजवळ बसले.

"सुटली नाही ना?"

"न्हाई साहेब."

"मलाही सुटत नव्हती. मी सिगारेट ओढायचो, कॉलेजापासून. चार वेळा सोडली, चार वेळा धरली."

डॉक्टर माणूस आणि असं सांगतो!

"एक गोष्ट लक्षात ठेवा," ते म्हणाले. "तलफ आली की वाटतं, आता ही अशीच वाढत जाणार आणि आपल्याला मारणार. तसं होत नाही. एखादं लांब पत्र वाचून होईस्तोवर ती ओसरते. तेवढा वेळ फक्त काढायचा. पुन्हा येईल, पुन्हा काढायचा. पहिला आठवडा फार वाईट जातो. घरच्यांना सांगून ठेवा की मी चिडणार आहे."

तोवर मला सगळ्यांनी शपथा घातल्या होत्या, शिव्या दिल्या होत्या, देवापुढं उभं केलं होतं. पण सोडायचं कसं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरं बोट काढून घरी आलो, आणि मी बायकोला सगळं सांगितलं, गंजीमागचंसुद्धा.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. मग उठली, फळीवरची आपली मिसरीची डबी काढली आणि चुलीत पालथी केली. घरभर ठसका उठला. आई खोकत बाहेर पळाली. बायको डोळे पुसत म्हणाली, "तुमी विडी सोडा, मी ही सोडते. बघू तरी कसं आसतंय त्ये. दोघं मिळून करू."

पुढचे दिवस घरात कुणी सरळ बोललं नाही. मी चिडायचो, ती चिडायची. तिचं डोकं दुखायचं, भाकऱ्या करपायच्या. एकदा तिनं भाकरी थापता थापता तशीच परातीत टाकली आणि भिंतीला टेकून रडत बसली. तलफ आली की मी घरी आणून ठेवलेली, पत्ता न सापडलेली पोस्टातली जुनी कार्डं काढून मोठ्यानं वाचायचो. अनोळखी माणसांची लग्नं, आजारपणं, बैलांची खरेदी. धाकटी मुलगी समोर बसून ऐकायची आणि "मग फुडं काय झालं?" विचारायची. पुढचं कार्ड काही तिथं नसायचं, मग मीच काहीतरी सांगायचो. तेवढ्यात तलफ ओसरलेली असायची. डॉक्टर म्हणाले होते तसंच.

सहाव्या का सातव्या दिवशी मी परसात गेलो, तर बायको गंजीमागं बसलेली. माझ्याच जागेवर. शेजारणीकडून आणलेली मिसरी बोटावर होती, दात काळे झाले होते. मला बघून तिनं हात लपवला.

मला हसू आलं, आणि लगेच ते मावळलं, कारण ती रडत होती. "आवं, मला न्हाई जमत," ती म्हणाली. "पर तुमी परत विडी धरू नगा. माझं बघून तुमी धरू नगा. माझा काय पाय जायाचा न्हाई."

मी तिच्याजवळ बसलो. तिच्या तोंडाला मिसरीचा वास येत होता आणि मला तोसुद्धा हवाहवासा वाटत होता. तिची काय गत झाली होती ते मला आतून माहीत होतं, त्यामुळं तिला एक शब्द बोलावासा वाटला नाही. इतके दिवस माझ्याकडं बघताना तिला काय वाटत असेल, तेही मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी तिला म्हणालो, "आत बसून लाव की. हितं विंचू-काटा आसतोय."

तिची मिसरी पुढं पुष्कळ वर्षं चालली. मी त्यावरून तिला कधी टोकलं नाही. मी मात्र परत कधी विडी ओढली नाही. का जमलं, ते मला सांगता येत नाही. माझी जिद्द मोठी होती असं मुळीच नाही. तिच्या अंगात माझ्या दसपट जिद्द होती, आणि तिला जमलं नव्हतं.

जखम भरायला चार महिने लागले. पावलावरची नाडी परत आली नाही, पण पाय उबदार लागायला लागला. चालायला लागलो तेव्हा पहिल्या दिवशी ओढ्यापर्यंतच गेलो. मग ओढ्यापलीकडे. मग पहिल्या गावापर्यंत. मला पोस्टात बैठं काम देऊ करत होते, पण मी जवळची तीन गावं मागून घेतली.

वर्षभरानं मला माणदेशातून एक कार्ड आलं. मेंढपाळानं कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं. दुसराही पाय काढला, मेंढरं भावाकडे दिली, भेटून जा, एवढाच मजकूर. मी मोटारीनं दहिवडीला गेलो आणि तिथून बैलगाडीनं त्याच्या वाडीवर.

तो वाघरीशेजारी, मेंढरं कोंडायच्या जाळीशेजारी, घोंगड्यावर बसला होता. हाताची दोन बोटंही गेली होती. मला बघून त्याला एवढा आनंद झाला की त्यानं घरातल्या सगळ्यांना हाका मारून बोलावलं. माझा पाय बघायला मागितला. मी चप्पल काढून दाखवला. त्यानं उरलेल्या बोटांनी माझं पाऊल चाचपलं, मेंढीचा खूर बघावा तसं, नीट.

"उबदार हाय," तो म्हणाला. "ब्येस केलंस गड्या. लय ब्येस केलंस."

त्याच्या बोलण्यात कुठं हेवा नव्हता. थोड्या वेळानं तो खालच्या आवाजात म्हणाला, "म्या सोडली न्हाई. घरचं देत न्हाईत आता. थोरला भाऊ तेवढा एक देतो सकाळची." मग घोंगड्याखालून एक विडी काढली. "ही ठिवलीया मी. काडी वढाय जमत न्हाई मला. लावतोस?"

नाही म्हणावं, डॉक्टरांचं सांगावं, असं मनात आलं. पण काय सांगणार? त्याला सगळं माहीत होतं. जायचं ते बहुतेक गेलं होतं. मी काडी ओढली आणि त्याच्या तोंडातल्या विडीपुढं धरली. धूर माझ्या तोंडावर आला. तलफ उठली, ती त्या जुन्या दिवसांइतकीच मोठी होती. मी त्याला म्हणालो, "ती ओढ्यात व्यालेली मेंढी, तिचं पुढं काय झालं?" तो सांगायला लागला. तो सांगत राहिला, विडी संपत आली, आणि माझी तलफही गेली.

त्यानंतर आठ-दहा महिन्यांनी तो गेल्याचं कळलं.

वाडीवर त्याला भेटून आलो त्या दिवशी, मी घरी पोचलो तेव्हा बायको दारातच होती. मी सदरा काढून तिच्या हातात दिला, तिनं तो नाकाशी नेला. मी घाईनं म्हणालो, "माझी न्हाई. त्येंची हाय."

"मी कुटं काय म्हनलं?" ती म्हणाली. सदरा धुण्यात टाकला आणि विचारलं, "लय हाल हाईत का त्येंचं?"

मी सगळं सांगितलं, काडी लावून दिली तेही. तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "बरं केलंसा." आणि माझ्यासाठी पाय शेकायला पाणी ठेवलं.